बाटल्या शिजल्या होत्या

अमरावतीत हल्ली कुणी उशिरा आला आणि सबब सांगू लागला, की समोरचा विचारतो, ‘काहून, बाटली शिजली काय?’ अकोल्यात म्हणे कोर्टाच्या आवारात तारीख मागणाऱ्या वकिलालाही हेच विचारतात. पोरगा गणितात नापास झाला, तर पेपर शिजला असेल. उमेदवार पडला, तर मतपेटी शिजली. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना ही कुठली बाटली आणि ती कधी शिजली, याचा पत्ता नाही. ज्यांना आहे, ते गोष्ट रंगवून सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘खोटं वाटत असेल तर त्या केमिस्ट्रीच्या सरांना विचारा. ते होते तिथं.’

ते केमिस्ट्रीचे सर म्हणजे मी. आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

ज्यांच्यावरून हे सुरू झालं ते सर आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवत. राजापेठेकडे आमची घरं समोरासमोर, त्यामुळे त्यांचं व्याख्यान मला कॉलेजात आणि घरी, दोन्हीकडे ऐकावं लागे. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. ‘काय केमिस्ट्री,’ म्हणत, जणू बाकीचं डिपार्टमेंट मी घरी ठेवून आलो आहे. माणूस उंच, काटकुळा, आवाज शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या पोरालाही उठवणारा, आणि नाक भलं मोठं. निवृत्त होईपर्यंत त्या नाकाचा उपयोग फक्त चष्मा ठेवायला झाला. पुढं मात्र त्याला फार महत्त्व आलं.

निवृत्तीनंतर सर मुलीकडे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला गेले. मुलगी आणि जावई सकाळीच कामावर जात. सर दिवसभर घर राखत. कंटाळून त्यांनी नकाशा काढला. शहरापासून तासाभराच्या अंतरावर बारोसा नावाचं खोरं होतं, सगळे द्राक्षांचे मळे. आयुष्यभर रंगीत खडूंनी फळ्यावर माती काढलेला हा माणूस बसनं माती बघायला गेला. मळ्यावर लोकांना वाइन चाखायला देतात, आणि ज्याला गिळायची नसेल त्याच्यासाठी थुंकायला बादली ठेवतात. त्या बादलीनं सरांचं आयुष्य बदललं. साठी उलटेपर्यंत चहापलीकडे काही न प्यालेल्या माणसाला तिनं नीतिमत्तेसकट सोडवलं. त्यांनी त्याच दिवशी घरी फोन करून वहिनींना सांगितलं, “मी पीत नाही. थुंकतो.”

वहिनींच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. त्या म्हणाल्या, “कुठं थुंकता ते बघत जा म्हणजे झालं.”

त्यानंतर दरवर्षी हिवाळ्यात सर तिकडे जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, नियमात बसतील तेवढ्या बाटल्या घेऊन परत येत. सोबत एक सिद्धांतही आणत. सिद्धांत असा की, वाइनच्या बाटलीवर साल असतं, म्हणजे द्राक्षं कोणत्या वर्षी तोडली ते. पण नुसत्या सालाला काही अर्थ नाही. कुठलं साल, हे आधी विचारायचं. ऑस्ट्रेलिया केवढा देश! पूर्वेला हंटरच्या खोऱ्यात ऐन तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की खेळ संपला. बारोसात पावसाचं भय कमी, तिथं उन्हाची लाट द्राक्षं वेलीवरच भाजून काढते. टास्मानिया थंड, त्यांना उलट गरम वर्ष हवं. आणि पार पश्चिमेच्या टोकाला मार्गारेट रिव्हर, समुद्राच्या वाऱ्यावर, तिथं वाईट साल शोधावं लागतं. मधे अख्खं वाळवंट.

“बार्शीटाकळीला गारपीट झाली म्हणून तुम्ही वरूडच्या संत्र्याला शिव्या देता का?” ते विचारत.

आम्ही म्हणत असू, नाही देत. दुसरं काय म्हणणार?

२०११ हे त्यांचं लाडकं साल. त्या वर्षी बारोसात पाऊस हटेना आणि द्राक्षांवर बुरशी चढली. त्याच वेळी मार्गारेट रिव्हरला मात्र आभाळ निरभ्र. पुढच्याच वर्षी बारोसाचं भाग्य उजळलं आणि हंटरमध्ये पाण्यानं वाट लावली. ही सालं ते नात्यातल्या बायकांसारखी चर्चेत आणत. “बारोसाची अकरा रडकी. मार्गारेटची अकरा काय देखणी! हंटरची बारा बिचारी भिजून गेली.” नवख्या माणसाला वाटे, सरांना डझनभर मुली आहेत आणि एकीचंही धड जमत नाही.

पुढं पुढं ते माणसांनाही साल विचारू लागले. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीला नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. सरांनी मुलाचं जन्मसाल विचारलं, डोळे मिटले, कारण वऱ्हाडातल्या पावसाचे आकडे त्यांना पाठ होते, आणि म्हणाले, “त्या साली नांदगावला पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. मुलगा चणीनं लहान असेल, पण आतून दाट. करा.” मुलगी सुखात आहे. मुलगा सहा फूट आहे.

मला एकदा म्हणाले, “केमिस्ट्री, तुम्ही साल चांगलं गाठलंत. पण तोडणी लवकर झाली.”

मी हसलो. घरी येऊन बायकोला याचा अर्थ विचारला. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “कच्चे.”

एका वर्षी ते मला शेंदूरजनाघाटला घेऊन गेले. तिथल्या बागायतदारांना त्यांनी मंडईच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं की, संत्र्याच्या प्रत्येक पेटीवर गाव आणि साल छापलं पाहिजे, म्हणजे पुढच्या पिढ्या त्या बहराची आठवण काढतील. एक म्हातारा बागायतदार बिडी विझवून म्हणाला, “सर, संत्रं पंधरा दिवसात सडते. सालाचं का मी लोनचं घालू?” लोक पोट धरून हसले. सर परत येताना गाडीत म्हणाले, “यांना मुद्दा समजला नाही.” मला वाटतं, म्हाताऱ्याला समजला होता.

अमरावतीतल्या वाइनच्या दुकानात तर त्यांना बघताच पोरं हसू दाबत. सर बाटली उचलून विचारत, “साल कोणतं?” मालक छातीवर हात ठेवून म्हणे, “एकदम ताजी हाय सर. परवाच पेटी फोडली.”

आता कूलरबद्दल. अमरावतीचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. सरांच्या घरी एकच कूलर होता, आणि तो मागच्या खोलीत बाटल्यांच्या कपाटासमोर चाले. वहिनी पुढच्या खोलीत पंख्याखाली, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन. एकदा मी न राहवून म्हटलं, “सर, वहिनींना पण जरा गार हवा...” सर म्हणाले, “तिला सवय आहे. या परदेशी आहेत.” आतून वहिनींचा आवाज आला, “पुढच्या जन्मी मी बाटली होईन, मग बघा.”

महिन्यातून एकदा सर दोन बाटल्या उघडत; आणलेल्या संपल्या की मुलगी येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर पाठवी. आम्ही चारपाच निवृत्त माणसं जमत असू. सर ग्लास तिरपा करत, उजेडात धरत, नाक आत घालत आणि घोट तोंडात घेऊन दातांमधून अशी सुर्रकन हवा ओढत की आतून वहिनी विचारत, “चहा फार गरम आहे का?” मग सर घोट पितळी पिकदाणीत थुंकत आणि साल, खोरं, त्या वर्षीचा पाऊस, सगळं सांगत. आम्ही मात्र गिळत असू. फुकटची होती. सर बोलत असताना मी भिंतीकडे बघत ‘अच्छा’ म्हणे. एवढ्या वर्षांत मला त्यातलं काहीही कळलं नाही. मला ती सगळी एकाच चवीची, कोकम सरबतात खोकल्याचं औषध पडल्यासारखी लागे. सरांना खरंच कळतं की पाठ करून बोलतात, याबद्दल आमच्यात एकमत होतं. पाठ करून.

पण तिकडच्या लोकांचं मत निराळं होतं. मुलीच्या उपनगरात तिथल्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं. ते दरवर्षी आसपासच्या वाइन मागवून स्पर्धा भरवत. बाटल्या झाकून ठेवायच्या आणि परीक्षकांनी पांढरे कोट घालून टेबलांमधून फिरत गुण द्यायचे. सर आधी प्रेक्षक म्हणून जात. मग ते काठावर उभे राहून जे पुटपुटत ते बरोबर निघतं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. त्यांनी सरांना सांगितलं, पुढच्या वर्षी आमच्या टेबलावर बसा, शिकाऊ परीक्षक म्हणून. सर ते सांगताना लाजले होते. चाळीस वर्षं पोरांना मार्क दिलेला माणूस, पण या मार्कांचं त्यांना अप्रूप होतं. अमरावतीत शिंप्याकडे जाऊन त्यांनी पांढरा कोट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, “कंपाउंडर झाले काय सर?” सर म्हणाले, “तसंच काहीसं.” त्या खुर्चीशिवाय त्या वर्षी त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

ती खुर्ची अकोल्यात गेली.

वहिनींचा धाकटा भाऊ अकोल्याला वकील. बहिणीचं माहेर भिक्षुकीचं, पण हा पोरगा कुणाचाही विधी न करता सगळ्यांची दक्षिणा घ्यायला शिकला होता. मुद्दाम ठेठ वऱ्हाडी बोले. कोर्टात म्हणे न्यायाधीश त्यानं सोपं करून सांगावं म्हणून मराठीत विचारत, आणि तो वऱ्हाडीत उत्तर देऊन आणखी अवघड करे. एका लग्नाच्या पंगतीत, सर बारोसाची अकरा समजावून सांगत असताना त्यानं मधेच तोडलं.

“भाऊजी, ते गोरे तुमाले खुर्चीवर बसवून राहिले हे मले पटलं. त्यायले मानूस पाहिजे असन. पन खरं सांगा, तुमाले कळते की पाठ केलं?”

“एकाच सालाच्या दोन बाटल्या आण,” सर म्हणाले. “बारोसाची अकरा आणि मार्गारेटची अकरा. डोळे बांध. घोटासरशी सांगतो.”

“अन् नाई सांगता आलं तं?”

“तर त्या खुर्चीवर बसणार नाही.”

वाढपी बुंदीचं ताट घेऊन तसाच उभा. वकील म्हणाला, “साक्षीदार लई हायेत बरं.” सर म्हणाले, “असू दे.”

दोन्ही बाटल्या सरांच्याच कपाटात होत्या, जपून ठेवलेल्या. मे महिन्यात वकिलाच्या गच्चीवर सगळ्यांनी जमायचं ठरलं. सर आणि वहिनी आदल्या दिवशी रेल्वेनं निघाले. बाटल्या रेल्वेनं नेण्यास सरांचा विरोध. माझ्याकडे एसीची गाडी होती. म्हणून बाटल्या माझ्या हवाली झाल्या. त्यांनी स्वतः त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या आणि मला वर्गातल्यासारखं बजावलं: “सकाळी लवकर निघा. मधे कुठंही थांबू नका. गाडी उन्हात उभी राहिली की संपलं. वाइन तापली की फळ मरतं. मग ती कोणत्या सालाची आणि कुठली, काही उरत नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही केमिस्ट्री.”

मी निघालो. मूर्तिजापूर जवळ आलं तसा व्याह्यांचा फोन आला. माझी मुलगी मूर्तिजापुरात दिली आहे.

“याहीबुवा, मूर्तिजापुरावरून चालले अन् आमची पायरी चढनार नाई म्हनता? रस करून ठेवला हाय.”

आता मे महिना, आंब्याचा रस, आणि बोलावणारा मुलीचा सासरा. ज्याला मुलगी आहे तोच सांगू शकेल की, अशा वेळी नाही म्हणता येत नाही. दोन बाटल्या उन्हात आहेत, असं व्याह्यांना कसं सांगायचं? त्यांच्या घरात माळकरी आई होती. मी गाडी अंगणाबाहेर निंबाच्या सावलीत लावली. म्हटलं, पाणी पिऊन निघू. मग पान वाढलं. रस, कुरड्या, भजी, वर तुपाची धार. मी वाटीवर हात ठेवला की विहीणबाई हाताच्या फटीतून रस ओतत. जेवण झाल्यावर व्याह्यांनी कूलरसमोर गादी टाकली आणि म्हणाले, “जरासं आंग टाका.” अंग टाकलं ते थेट दुपार कलल्यावर उठलो.

सावली सरकते. पण हे बघणं भूगोलवाल्याचं काम, केमिस्ट्रीवाल्याला ते कसं सुचणार? गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखा झोत आला. स्टिअरिंगला हात लावता येईना. गोणपाट पापडासारखं वाळलं होतं, आणि बाटली हातात धरता येत नव्हती. मी व्याह्यांच्या हौदात गोणपाट भिजवलं, बाटल्या पुन्हा गुंडाळल्या आणि एसी पुरा सोडून अकोल्याला आलो. तोवर त्या गार झाल्या होत्या. तिकडच्या बाटल्यांना बहुतेक बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. ना बूच वर आलेलं, ना थेंब गळलेला. बाहेरून पाहिलं तर सकाळी दिल्या तशा. मी तीस वर्षं पोरांना उष्णतेचे परिणाम शिकवले आहेत. आत काय झालं असेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी डबा तसाच वकिलाच्या हातात दिला.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून खुर्च्या मांडल्या होत्या. वकिलाचे कोर्टातले मित्र, नातेवाईक, शेव-चिवडा. सरांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. वकिलानं आत जाऊन दोन ग्लास भरून आणले, कशात काय हे त्यालाच ठाऊक. सरांनी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि थांबले. मग घोट घेतला, हवा ओढली. कुणीतरी फिस्सकन हसलं. थुंकले. दुसरा ग्लास. पुन्हा तेच. मग पुन्हा पहिला.

“केमिस्ट्री,” दुपट्टा तसाच ठेवून ते म्हणाले, “या कुठं तापल्या?”

मी शेवेची बशी पुढं ओढली.

“दोन्ही एकसारख्या लागतात. फळ मेलंय. उकळलेल्या मनुका, जळका मुरंबा. ही बारोसाची चव नाही, मार्गारेटचीही नाही. ही उन्हाची चव आहे. या बाटल्या शिजल्या आहेत.”

वकिलानं टाळी वाजवली. “आरोपी सापडला! ऊन! भाऊजी, हरले तं हरले म्हना ना बाप्पा. बाटली शिजली म्हन्ते! वरन हाय काय ते?”

गच्ची हसून कोसळायची बाकी राहिली. मग वकील माझ्याकडे वळला आणि काळा कोट घातल्यासारखा उभा राहिला.

“सर, बाटल्या तुमी आनल्या ना?”

“हो.”

“मंधात कुठी थांबले काय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनीही बांधलेल्या डोळ्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला केलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “सरळ आलो.”

“एसी?”

“चालू होता.”

हे एवढं खरं होतं. मूर्तिजापूरनंतर चालूच होता.

“साक्षीदार विश्वासाचा हाय,” वकील म्हणाला. “शिकेल-सवरेल मानूस. याले काय खोटं बोलाचं पडलं?”

काय पडलं होतं? मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की व्याह्यांची लाज वाटली, रस खाऊन झोपलो हे चारचौघांत कसं सांगायचं. ते खरं आहे, पण लहान आहे. मोठं हे की, मला त्यांना हरताना बघायचं होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या दिवाणखान्यात ‘अच्छा’ म्हणत होतो. स्वतःला कच्चा म्हणवून घेतलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडातून काय येतं यावर सरांचं सगळं टांगलेलं होतं. मला ते आवडलं.

सरांनी दुपट्टा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मी तरलो असतो. नव्हता. त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, थुंकले, आणि हळू म्हणाले, “मग माझंच चुकलं. केमिस्ट्री थांबले नाहीत म्हणजे नाहीत. जीभ गेली असेल. वय झालं.”

एवढा अभिमानी माणूस, पण स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या शब्दावर त्याचा विश्वास जास्त होता. त्यांच्या आयुष्यभराच्या परीक्षांतली ही एकच ढोबळ चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि वहिनी माझ्याच गाडीतून परतले. मूर्तिजापूर आलं तसं सरांनी काच खाली केली.

“तुमची मुलगी इथं दिली ना? थांबायचं का? काल माझ्या बाटल्यांपायी तुम्हाला थांबता आलं नाही.”

“नको,” मी म्हणालो आणि गाडी जोरात काढली.

आठवड्याभरात त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, कळलं. पण ते फोन हातात घेऊन बसले होते. माझ्यासमोर त्यांनी मुलीला फोन लावला. “त्यांना सांग, मी टेबलावर बसत नाही. माझी जीभ राहिली नाही. नाही ग, एकदा नाही, पूर्ण परीक्षा घेतली. केमिस्ट्री साक्षीला होते.” आणि फोन माझ्या हातात दिला, मुलीची खात्री करायला. ती म्हणाली, “काका, खरंच का हो? बाबांचं इतकं मन होतं.” मी म्हणालो, “वय होतं बेटा. तुझ्या बाबांनी शहाणपणा केला.” समोर चिवडा होता. तो खाऊन मी घरी आलो.

त्यानंतरही मुलगी बाटल्या पाठवत राहिली. सर बाटली उघडत, घोट घेत, थुंकत, आणि ग्लास माझ्यापुढं सरकवत. “केमिस्ट्री, तुम्ही सांगा.” मी, ज्याला काही कळत नव्हतं, डोळे बारीक करून म्हणे, “चांगली आहे. साल बरं असावं.” ते मान हलवत. “असेल.” एकदा मी ‘फारच उत्तम’ म्हटलेली बाटली बघून त्यांच्या कपाळावर आठी आली होती. तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, “असेल.” माणसांना साल विचारणं त्यांनी सोडून दिलं. कूलर पुढच्या खोलीत आला. आमच्यातला एकजण म्हणाला, सर सुधारले. मीही हो म्हटलं.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शोकसभेत वकील बोलायला उभा राहिला आणि त्यानं अकोल्याच्या गच्चीची गोष्ट सांगितली. चांगल्या मनानं सांगितली, रडत रडत, आणि लोकही रडता रडता हसले. “बाटली शिजली म्हन्ते! असा मानूस पुन्हा होनार नाई. हे बसले हायेत सर, विचारा यायले.” सभा माझ्याकडे वळून हसली. मीही हसलो. हात जोडलेच होते, ते तसेच ठेवले.

पुढं बरेच दिवस गेल्यावर मी वकिलाला फोन केला. समोर जाण्याचा धीर नव्हता. मूर्तिजापूर, रस, निंबाची सावली, सगळं सांगितलं.

“तुमी आता सांगून राहिले?” तो म्हणाला. “आता मी कोनापाशी हरू?”

राहिल्या वहिनी. त्यांच्याकडे मात्र रस्ता ओलांडून गेलो. त्या समोरच्या खोलीत सोफ्यावर बसून टीव्ही बघत होत्या. आत कुणीतरी फोडणी दिली होती. मी सांगू लागलो तशा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंद केला. मी काहीही वगळलं नाही. फोनवर मुलीला जे बोललो तेही सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील. किंवा म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, झालं गेलं. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

“म्हणजे त्यांची जीभ चांगली होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

“त्या अकोल्यानंतर माझ्या स्वयंपाकाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “वाईटही म्हटलं नाही. विचारलं की म्हणायचे, मला नको विचारू. मला वाटलं, जीभ गेली हे निमित्त, माझ्याच हाताची चव गेली आणि हे मला दुखवायचं नाही म्हणून बोलत नाहीत. म्हणून तर भाऊजी, मी स्वयंपाकाला बाई लावली.”